रांजणाचा उसासा

माणसानं अग्नी शोधला त्या क्षणापासून त्याच्यापुढे एकच खरा प्रश्न होता: हाती आलेली ऊर्जा साठवायची कशी? हजारो वर्षांच्या तपश्चर्येनंतर हा प्रश्न अखेर मिरजेपलीकडच्या एका माळावर सुटला, असं 'तेजोनिधी स्टोरेज' या कंपनीच्या माहितीपुस्तिकेत पहिल्याच पानावर छापलं होतं. पुस्तिकेचं प्रकाशन झालं त्या वेळी माळावर वीज गेलेली होती. पाहुण्यांनी ते पान मोबाइलच्या उजेडात वाचलं, आणि भाषण कुठे संपलं हे माइक बंद असल्यामुळे न कळल्यानं टाळ्या अंदाजानं वाजवल्या.

तरीही पुस्तिकेत लिहिलेलं खोटं नव्हतं. डॉ. ऋजुता धारप या बाईंनी खरोखरच मोठा शोध लावला होता.

वीज साठवायचा सर्वांत साधा मार्ग म्हणजे कपॅसिटर. धातूचे दोन पातळ पत्रे घ्यायचे आणि त्यांच्यामध्ये एक असा पदार्थ ठेवायचा, जो वीज स्वतःतून पलीकडे जाऊ देत नाही. या मधल्या पदार्थाला डायइलेक्ट्रिक म्हणतात. मराठीत त्याला 'पराविद्युत' असा शब्द आहे आणि तो शब्दकोशात सुखरूप आहे. पत्र्यांना वीज दिली की या पदार्थाचे रेणू जागा न सोडता एका बाजूला झुकतात, वारा सुटल्यावर उसाचं रान झुकतं तसे. त्या झुकण्यात ऊर्जा अडकून राहते. रान पुन्हा उभं राहिलं की ती परत मिळते. बॅटरीत रसायनं झिजतात, तापतात, कधी पेटतात. इथे झिजायला काही नाही. गोम एवढीच की साध्या प्लॅस्टिकच्या फिल्ममध्ये मावणारी ऊर्जा एक पापड भाजायलाही पुरत नाही. धारपबाईंनी त्या प्लॅस्टिकमध्ये अभ्रकाचे डोळ्यांना न दिसणारे पापुद्रे एकावर एक रचले, आणि तीच फिल्म शेकडो पटींनी जास्त ऊर्जा धरू लागली.

त्यांचा पहिला प्रयोग वीज साठवायचा नव्हता, गोळा करायचा होता. हीच फिल्म दाबली की थोडी वीज देते, म्हणून तिचे पट्टे मिरजेच्या बाजारात फरशीखाली घातले. लोकांनी चालायचं आणि दिवे लागायचे. दिवसभराच्या गर्दीतून जी वीज निघाली तिच्यावर 'इथे आपल्या पावलांतून वीज निर्माण होते' ही पाटी व्यवस्थित उजळत असे. त्यानंतर कंपनी साठवणुकीकडे वळली. गोदरेजच्या कपाटाएवढी पेटी, दिवसा सोलर पॅनेलवर भरून घ्यायची, संध्याकाळी गाव तिच्यावर चालवायचं. लोकांनी तिला रांजण म्हणायला सुरुवात केली. चार-पाच वर्षांत जिल्ह्यातल्या बहुतेक गावांत शाळेच्या नाहीतर देवळाच्या भिंतीला लागून एकेक रांजण उभं राहिलं.

रांजणात एक खोड होती. ती कंपनीत सगळ्यांना माहीत होती आणि ती सांगायचं काम चंद्रशेखर तोडकर यांच्याकडे होतं.

तोडकर कंपनीचे सुरक्षा प्रशिक्षक. पन्नाशी उलटलेली, खिशाला शिट्टी, आणि जगाकडे पाहण्याची दृष्टी अशी की समोर ताजमहाल आणला असता तर त्यांनी आधी बाहेर पडायची वाट कुठे आहे ते पाहिलं असतं. नव्या फिटर पोरांचा वर्ग ते पंगतीपासून सुरू करत.

"समजा, लग्नाची पंगत बसलीय. वाढपी म्हणाला, जेवण संपलं, उठा. काय होतं?"

"पोरंटोरं पळत्यात," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणे.

"बरोबर. आणि म्हातारे?"

"आमच्याकडं म्हातारी माणसं पान खाल्ल्याबिगर उठत न्हाईत, दाजी." हा आवाज नेहमी एकाच माणसाचा असे. मल्लिनाथ शेटे, म्हणजे मल्लू, हा तोडकरांचा सख्खा मेहुणा. कंपनीतला सर्वांत तरबेज फिटर. वर्गात शिकण्यासारखं त्याला काही उरलं नव्हतं. तो करमणुकीसाठी येत असे.

"इथे साहेब म्हणायचं," तोडकर म्हणत. "तर ते म्हातारे लक्षात ठेवा. रांजण रिकामं केलं, वर वीज जमिनीत उतरवणारा हा अर्थिंगचा रॉड लावला, की चटकन उभे राहणारे रेणू आपली वीज टाकून मोकळे होतात. मीटर शून्य दाखवतं. तुम्हाला वाटतं, मांडव रिकामा झाला. पण आपल्या फिल्ममध्ये सावकाश उठणारे फार आहेत. अभ्रकाच्या पापुद्र्यांत मांडी घालून बसलेत. रॉड काढला की बाहेर जायचं दार बंद होतं, आणि मग हे म्हातारे एकेक करून उठायला लागतात. तासाभरात दाराशी ही गर्दी. मीटर शून्यावरून आपोआप वर चढतं. कुणी भरलेलं नसताना."

या चढण्याला कामगार रांजणाचा उसासा म्हणत. साध्या कपॅसिटरमध्येही उसासा असतो, पण तो मुंगीएवढा. धारपबाईंच्या फिल्ममध्ये ऊर्जा शेकडो पट, म्हणून उसासाही त्या मानानं. तो एक माणूस मारायला भरपूर होता.

"मग तुम्ही हात लावता," तोडकर म्हणत, "आणि ते सगळे तुमच्यातून बाहेर पडतात. म्हणून काम संपून पेटीचं दार बंद होईपर्यंत रॉड काढायचा नाही. कितीही वेळ गेला तरी नाही. पान्हा, पक्कड, टेस्टर, ही सगळी नावाची हत्यारं. रॉड हे खरं हत्यार. त्याला देव माना. देव!"

शेवटच्या शब्दाला ते टेबलावर हात आपटत. पंगत सोडली तर अलंकारिक बोलण्याची त्यांना सवय नव्हती. आयुष्यात त्यांनी आणखी एवढी एकच उपमा वापरली, आणि ती पोरांनी मनावर घेतली.

सुरक्षा हा तोडकरांचा व्यवसाय असता तर कुणाची हरकत नव्हती. तो त्यांचा स्वभाव होता. मल्लूच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मांडवाच्या वायरीचं उघडं तोंड त्यांच्या नजरेला पडलं आणि त्यांनी मेन स्विच पाडला. मल्लूनं बायकोच्या गळ्यात हार घातला तो अंधारात, आणि आधी चुकून करवलीच्या गळ्यात घातला. ही गोष्ट शेटे घराण्यात दर सणाला सांगितली जाते. पहिल्या वर्षी हसत सांगितली गेली. बारशाला पाळण्यावरची दिव्यांची माळ त्यांनी उतरवून ठेवली. यात्रेत आकाशपाळण्यात बसायला निघालेल्या सासूबाईंना त्यांनी नटबोल्ट दाखवून परत आणलं. तोडकर प्रत्येक वेळी बरोबर असत. नेमकं तेच माफ होत नसे.

आणि मग शिमग्याच्या सुमारास त्यांनी मल्लूला रांजणाभोवतीच्या तारेच्या जाळीत रबरी हातमोजे मागच्या खिशात खोचून काम करताना पकडलं. आठवडाभर घरी बसवलं. बाकीच्या पोरांसमोर.

त्यानंतर मल्लू बहिणीच्या घरी यायचा बंद झाला. उमाची राखी त्या वर्षी सांगलीहून मिरजेला कुरियरनं गेली.

उमा म्हणजे तोडकरांची बायको. ती आता जेवायला वाढताना ताट जरा लांबून सरकवू लागली.

नवरात्रात एक दिवस मल्लू स्वतः दारात उभा राहिला. चप्पल बाहेर काढून, हातात केळीचा घड.

"अक्का, चा टाक," तो म्हणाला, आणि तोडकरांच्या समोरच्या खुर्चीवर बसला. "दाजी, मला शिफ्ट इन्चार्ज केलंय."

"कळलं. चांगलं झालं," तोडकर म्हणाले, आणि ते खरंच होतं.

"खंडेनवमीची पूजा यंदा माझ्या हातनं हाय. धारप मॅडम स्वता बसणार. अक्काला घेऊन या."

"येतो की."

"या. पण ती शिट्टी घरी ठिवून या." मल्लू हसला. "एक दीस, दाजी. एकच दीस मला तुमचा मेव्हणा म्हणून बघा, अपघात म्हणून नको."

तो गेल्यावर उमा कपबशा उचलता उचलता म्हणाली, "ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"तिथं वायर लोंबू दे, दिवा पडू दे, मांडव पडू दे. तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही. सात महिन्यांनी माझा भाऊ दारात आलाय."

"मांडव पडला तरी?"

"बघा, लागलात."

"बरं," तोडकर म्हणाले. "नाही बोलणार."

खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते हे सगळ्यांना माहीत असतं, पण कारखान्यातली पूजा ज्यांनी पाहिली नाही त्यांना तिची शिस्त माहीत नसते. त्या दिवशी यंत्र बंद. हत्यार धुऊन, पुसून, हळदकुंकू लावून पाटावर निजवायचं. एकदा पुजलं की दुसऱ्या दिवशी सोनं वाटून होईपर्यंत कुणी त्याला हात लावायचा नाही. ते विश्रांती घेत असतं. वर्षभर कामाला चुकारपणा करणारा माणूससुद्धा हा नियम निष्ठेनं पाळतो.

तोडकर आणि उमा पोहोचले तेव्हा दुपार कलत आली होती. शेड धुऊन काढलेली, दाराला केळीचे खुंट, फोर्कलिफ्टच्या कपाळाला कुंकू. सतरंजीवर पान्हे उंचीप्रमाणे मांडलेले. मल्टिमीटरच्या काचेवर कुणीतरी नेमानं हळदीचं बोट ओढलं होतं. धारपबाई पैठणी नेसून पाटावर बसल्या होत्या आणि डोक्यावर हेल्मेट होतं, कारण फोटो कंपनीच्या पानावर जायचे होते. बायकांची रांग डावीकडे, पुरुषांची उजवीकडे.

आणि मधोमध, वेगळ्या चौरंगावर, तांबड्या कापडावर, झेंडूचा सर्वांत मोठा हार घातलेला अर्थिंगचा रॉड.

त्याचा तांब्याचा हूक चिंच लावून असा घासला होता की तोंड दिसावं. त्याच्या केबलचं सुबक वेटोळं करून त्यावर हळदकुंकू वाहिलं होतं. इतर हत्यारांना एकेक फूल होतं. रॉडला नारळ होता.

तोडकरांनी रॉडकडे पाहिलं. मग पूजेसाठी रिकाम्या केलेल्या शेडच्या रांजणाकडे पाहिलं. पेटीची दोन्ही दारं सताड उघडी होती, आतल्या तांब्याच्या जाड पट्ट्या पुसून लखलखीत केल्या होत्या, आणि जिथे रॉड अडकवलेला असायला हवा होता तिथे आंब्याची डहाळी लावली होती.

"रॉड कधी काढला?" त्यांनी शेजारच्या फिटरला हळूच विचारलं.

"सकाळीच की साहेब. घासायला येळ लागतोय." तो अभिमानानं म्हणाला. "तुमीच म्हणता न्हवं, देव माना."

सकाळी. म्हणजे म्हाताऱ्यांना उठायला अख्खा दिवस मिळाला होता.

पूजा शेवटाला आली होती. मल्लूनं नवा पांढरा शर्ट घातला होता. त्याच्या बायकोनं हातात हळदकुंकवाचं तबक दिलं. आता फक्त रांजणाला कुंकू लावायचं राहिलं होतं, आणि ते अंगठ्यानं लावायचं असतं, थेट पट्टीवर.

तोडकरांनी बायकांच्या रांगेकडे पाहिलं. उमा त्यांच्याकडेच बघत होती. तिनं नुसतं डोळ्यांनी 'नाही' म्हटलं. त्यांनी घसा साफ केला. वचन दिलेल्या माणसाला घसा साफ करायची मुभा असते.

"मल्लू," ते म्हणाले. "रॉड."

मल्लू वळला. चेहरा फुललेला. "बगितलासा? मधोमध ठिवलाय. तुमच्यासाठीच, दाजी."

"तो... लावायला हवा."

"पुजलेलं हत्यार आज उचलत न्हाईत." पुरुषांच्या रांगेत कुणीतरी हसलं. मल्लूचा चेहरा किंचित आवळला. "दाजी, शिट्टी घरी ठिवलीय ना?"

आणि त्यानं कुंकवात अंगठा बुडवला.

तोडकर बुटांसकट रांगोळीवरून गेले. चौरंग कलला, नारळ गडगडत धारपबाईंच्या मांडीशी गेला. त्यांनी हाराखालून रॉड ओढला, आणि एवढ्या घाईतही, शिकवल्याप्रमाणे, आधी केबलचा चिमटा अर्थिंगच्या पट्टीला लावला. या वेळात मल्लूनं सहज कुंकू लावलं असतं. पण डोळ्यांसमोर पुजलेलं हत्यार उचललेलं पाहून तो तबक धरून नुसता उभा राहिला होता. तोडकरांनी त्याला खांद्यानं ढकललं आणि हूक रांजणाच्या पट्टीवर टेकवला.

पत्र्याच्या ट्रंकेत सुतळी बॉम्ब फोडावा तसा आवाज झाला. निळा पांढरा जाळ निघाला, हाराची फुलं हवेतच काळी पडली, हूक पट्टीला चिकटून बसला. मग भाजलेल्या झेंडूचा वास सुटला.

मल्लू जमिनीवर बसला होता. कुंकवाचं तबक त्याच्या डोक्यावर पालथं झालं होतं. तो जिवंत होता. सगळेच जिवंत होते.

"दाजी," तो म्हणाला, "काय केलंसा हे?"

"उसासा होता," तोडकर धापा टाकत म्हणाले. "बघितलंस ना? केवढा होता? तुझ्या अंगठ्यातून गेला असता."

मल्लूनं डावा कान दाबून धरला होता. "सकाळपासनं गप होतं की ते. तुम्ही हात लावला आणि वाजलं."

"अरे, मी लावला म्हणूनच तर..."

"तेच म्हणतोय."

टळलेल्या अपघाताची एक अडचण असते. तो झालेला नसतो. शेडमधल्या सगळ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी एवढंच पाहिलं होतं की दिवसभर शांत असलेलं रांजण, बूट घातलेल्या माणसानं पुजलेलं हत्यार उचलून टोचल्यावर, भडकलं. यातून निघणारा निष्कर्ष एखाद्या लहान मुलालाही काढता आला असता, आणि तो सगळ्यांनी काढला.

मल्लूचा डावा कान परत आला नाही.

धारपबाईंनी तोडकरांना दसरा झाल्यावर केबिनमध्ये बोलावलं. दार स्वतः लावून घेतलं.

"तुमचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मी गणित करून पाहिलं. तो वाचला नसता."

तोडकरांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी परवानगी न घेता खुर्ची ओढली. "मग मॅडम, हे तुम्ही सगळ्यांना सांगा. तुमच्या तोंडून ऐकतील."

"काय सांगू? की शाळेच्या भिंतीला लागून उभं असलेलं आमचं रांजण मेल्यावर परत उठतं?"

"हो. तसंच सांगा."

"तुम्हाला वाटतं, ते ऐकून लोक रॉड नीट लावतील. तोडकर, लोक रांजण उचलून विहिरीत टाकतील. मग परत बॅटऱ्या येतील. बॅटऱ्यांनी किती गोठे जळाले ते तुम्हाला माहीत आहे." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "मी फिल्म सुधारतेय. हे सावकाश उठणारे रेणू कमी करता येतील. काही वर्षं द्या मला."

"तोवर पूजा तरी बंद ठेवा."

"पूजा बंद केली तर उद्या अख्खी शिफ्ट बंद. आणि कारण काय देऊ? उसासा?"

कंपनीनं सूचनाफलकावर लिहिलं की पूजेच्या वेळचा आवाज अनधिकृत हाताळणीमुळे झाला. तोडकरांनी विचारलं, अनधिकृत म्हणजे मी का? त्यांना सांगण्यात आलं की फलकावर कुणाचंही नाव नाही. पुढच्या सोमवारपासून त्यांच्याकडे कँटीनच्या गॅस सिलिंडरांची सुरक्षा आली. त्यांच्या वर्गाच्या जागी एक व्हिडिओ आला. त्यात एक हसरा हत्ती रांजण कसं वापरायचं ते सांगतो. पंगतीचा भाग गाळला होता, कारण नमुन्यादाखल दाखवला तेव्हा प्रेक्षक घाबरले.

दिवाळीच्या तोंडावर तोडकर मल्लूच्या घरी गेले. पिशवीत रांजणाच्या फिल्मचा तळहाताएवढा तुकडा घालून बनवलेला कपॅसिटर होता आणि काट्याचं जुनं मीटर होतं. माफी मागायला आलेत असं समजून मल्लूच्या बायकोनं चकल्या पुढे ठेवल्या. तोडकरांनी चकल्या बाजूला सारून मीटर मांडलं.

"हे बघ, भरलं. आता वायर जोडून रिकामं केलं. किती दाखवतंय?"

"शून्य," मल्लू म्हणाला. तो उजवा कान पुढे करून बसला होता.

"आता वायर काढली. चहा पी."

मल्लूनं चहा प्यायला. दोघं काट्याकडे बघत राहिले. काटा जागचा हलला. आधी शंका यावी एवढा, मग स्पष्ट, मग सावकाश पण न थांबता वर. मल्लूच्या बायकोनं तोंडाला पदर लावला.

"दिसलं?" तोडकरांनी विचारलं.

"दिसलं."

"मग?"

मल्लूनं कप खाली ठेवला. "मी काय आडाणी न्हाई, दाजी. मला त्या दिवशीच कळलंय. घरी आल्यावर कळलं." त्यानं बायकोला आत जायची खूण केली, ती गेली नाही. "पण कसं हाय बगा. तुम्ही बरोबर निघाला, तर मी येडा. इन्चार्ज झाल्याबरोबर पूजेत, समद्या पोरांसमोर, स्वताच्या हातानं मरायला निघालेला येडा. उद्यापासनं जाळीत माझं कोण ऐकंल? आणि तुम्ही चुकला, तर मी नुसता एका कानानं भैरा." तो हसला नाही. "मला कान परवडतोय."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी."

"तू परत काढणार रॉड?"

"काढलाच न्हाई तर लोक इचारतील, का न्हाई काढला." मल्लू उठला. "चकली खा."

घरी आल्यावर उमानं विचारलं, "काटा हलला?"

"हलला."

"त्यानं बघितला?"

"बघितला."

"मग आता भाऊबीजेला जाऊ ना आपण?"

भाऊबीजेला ती एकटी गेली.

वर्षभरात त्या पूजेला मात्र भाग्य आलं. कुणीतरी काढलेला व्हिडिओ, रॉडवर हार घालण्यापासून ते मल्लू तबक हातात घेईपर्यंत, लोकांना फार आवडला. कंपनीच्या प्रसिद्धी विभागाला उशिरानं का होईना कळलं की लोक ज्याला पुजतात त्याला विहिरीत टाकत नाहीत. या वर्षी कारखान्यात मोठं 'रांजणपूजन' करायचं, ते नीट पार पडलं की पुढच्या वर्षीपासून प्रत्येक गावात, असं ठरलं. विधी मल्लूनंच लिहून दिला. रॉड मधोमध.

तोडकर खंडेनवमीच्या सकाळी कारखान्याच्या फाटकावर गेले. वॉचमन ओळखीचा होता. त्यानं नमस्कार केला आणि साखळी सोडली नाही.

"साहेब, आज कँटीन बंद हाय."

"मला शेडमध्ये जायचंय."

"म्हणूनच कँटीन बंद हाय म्हणालो," वॉचमन ओशाळून म्हणाला.

फाटकाशी उभं राहून त्यांनी मल्लूला फोन लावला. धारपबाईंना आधीच लावला होता. त्या परदेशात होत्या आणि फिल्म सुधारत होत्या.

"मल्लू, एकच ऐक. रॉड काढलास तर काढलास. पट्टीला हात लावू नकोस. कुंकू लांबून उडव. वाटेल तर मला शिव्या दे, पण हात..."

"थांबा, दाजी," मल्लू म्हणाला. "ह्या कानाला लावतो." आणि पुढचं सगळं तोडकर त्याच्या बहिऱ्या कानात बोलले. मध्येच फोन बंद झाला होता हे त्यांना उशिरा कळलं.

उमा त्या दिवशी पूजेला गेली नाही. नवऱ्याची काळजी म्हणून नव्हे, भावाची काळजी म्हणूनही नव्हे. तिला स्वतःला सांगता आलं नसतं. ती खालच्या खोलीत दुसऱ्या दिवसाच्या तोरणासाठी झेंडू ओवत बसली. तोडकर समोर बसले. दोघांमध्ये उमाचा फोन होता. बाहेर कुणीतरी सायकल पूजेसाठी धूत होतं, नळाचा आवाज येत होता. दुपार झाली. जेवायचं नाव कुणी काढलं नाही. पूजा आता कुठपर्यंत आली असेल याचा हिशेब तोडकर मनात करत होते, आणि आतले म्हातारे किती उठले असतील याचाही. तो हिशेब त्यांना कुणापेक्षाही चांगला येत होता.

सुई उमाच्या बोटात गेली. तिनं बोट तोंडात घातलं आणि त्याच वेळी फोन वाजला.

मल्लूनं फोटो पाठवला होता. कुंकवानं लाल झालेला त्याचा अंगठा, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ. मागे रांजणाच्या तांब्याच्या पट्ट्या, प्रत्येकीवर एकेक बोट, ठसठशीत. खाली लिहिलं होतं, दाजींना दाखव.

उमानं फोन तोडकरांपुढे धरला. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

तोडकरांनी फोटो पाहिला. मग त्यांनी मोठा श्वास सोडला आणि ते म्हणाले, "वाचला." ते त्यांनी मनापासून म्हटलं.

पण उमाचं हसणं थांबलं होतं. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"तुम्हाला वाईट वाटलं," ती म्हणाली.

"काय बोलतेस? वाचला ना तो."

"ते नंतर. आधी वाईट वाटलं. आत्ता. फोटो बघितल्याबरोबर."

तोडकरांनी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. खोटं बोलण्याची सवय नसलेल्या माणसाला त्यासाठी जरा वेळ लागतो, आणि तेवढा वेळ उमाला पुरेसा होता.

तिनं ओवलेली माळ टोपलीत ठेवली. उरलेली फुलं ओंजळीनं भरून त्यावर टाकली.

"उद्या सोनं द्यायला मी मल्लूकडं जाते," ती म्हणाली. "राहीन तिकडं."

"किती दिवस?"

ती टोपली घेऊन आत गेली. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, मग बॅगेची चेन.

संध्याकाळी कंपनीनं जाहीर केलं की रांजणपूजन उत्साहात आणि निर्विघ्न पार पडलं, विधी पूर्णपणे सुरक्षित असल्याचं सिद्ध झालं, आणि पुढच्या वर्षी तो याच पद्धतीनं सगळ्या गावांत होईल.

रांजण त्या दिवशी रिकामंच होतं, इतके दिवस रॉड लावून पडून राहिल्यानं आतले म्हातारेसुद्धा उठून गेलेले. पंधरवड्यापूर्वी सोलर पॅनेलपासून शेडपर्यंतची तांब्याची केबल कुणीतरी कापून नेली होती, आणि सण झाल्यावर नवी येणार होती.